जड शब्द आणि नेमका शब्द

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मराठीच्या तासाला बरीच वर्षं एक सल्ला देत आलो: निबंध फिका वाटत असेल तर जोरदार शब्द वापरा. मुलांनी त्याचा अर्थ घेतला, जड शब्द वापरा. मग वह्यांतून 'अत्यंत', 'नयनरम्य', 'हृदयद्रावक' यांचा पूर आला. चूक त्यांची नव्हती. अशा शब्दांची यादी मीच फळ्यावर लिहून दिली होती.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने लिहिलं, 'माझ्या आजीचे निधन झाले. मला अतिशय दुःख झाले.' व्याकरणात खोट नव्हती आणि वाचून मला काहीच वाटलं नाही. तिला बोलावून विचारलं, आजी गेल्यावर घरात काय बदललं? म्हणाली, "सर, दादीचं पानदान कुणी उघडलंच नाही. ईदच्या साफसफाईत अम्मीने उघडलं तर चुना वाळून दगड झाला होता." मग हे का नाही लिहिलंस? तर म्हणे, "सहावीत 'दादी' लिहिलं होतं. तुम्हीच लाल रेघ मारून 'आजी' केलंत."

मला आठवतही नव्हतं.

'खूप रडली' लिहिण्यापेक्षा मुसमुसली की हंबरडा फोडला ते सांगावं, 'खूप' आपोआप गळून पडतं. एवढं कुठलंही मूल शिकतं. आमच्या मुलांना त्यापुढे आणखी एक भीती असते: घरचा शब्द मराठीच्या वहीत चालेल का? हैराण, बेचैन, फिर्याद, हरकत हे शब्द अरबी, फारसी, हिंदीतून येऊन कधीच मराठी झाले. तरी मूल 'बेचैन' खोडून 'अस्वस्थ' लिहितं, कारण पहिला त्याला घरचा वाटतो आणि दुसरा परीक्षेचा. माधव जूलियनांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश दिला, मराठीत गझल रुजवली, आणि पुढे तेच भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले. तिथे शाळकरी पोरांनी गोंधळावं यात नवल ते काय!

सहकारी म्हणतात, बोर्डात गुण जातील. धोका आहे, नाकारत नाही. अर्जात, सारांशात प्रमाण मराठीच हवी, तिथे मीही सूट देत नाही. पण स्वतःच्या घरातल्या माणसाबद्दल लिहिताना ते माणूस आपल्या नावानेच वहीत यायला हवं. नाहीतर चाळीस वह्यांत चाळीस आज्या एकाच पद्धतीने वारतात.

त्या मुलीने निबंध पुन्हा लिहायला घेतला आणि मधेच विचारायला आली, "सर, 'सरौता' लिहू की 'अडकित्ता'?"

"दादी काय म्हणायची?"

"सरौता."

मग तेच लिही म्हटलं, फक्त त्याने सुपारी कातरताना दादीचा हात कसा चालायचा ते पुढच्या वाक्यात येऊ दे, म्हणजे तपासणाऱ्यालाही कळेल.