कडक स्प्रिंगच्या कैवाऱ्यांना

रोज रस्त्यावर चालवायची आणि अधूनमधून ट्रॅकवर न्यायची स्पोर्ट्स कार घेतली की मालकाचं लक्ष लवकरच कॉइलओव्हरकडे जातं. मूळचे शॉक अब्सॉर्बर काढायचे आणि आटे पाडलेल्या नळीवर स्प्रिंग चढवलेले, उंची कमीजास्त करता येणारे नवे बसवायचे. याला माझी हरकत नाही; मी त्याच बाजूचा आहे. हरकत आहे ती निवडीच्या रीतीला. गॅरेजात आणि ट्रॅकच्या पार्किंगमध्ये पहिला प्रश्न कानावर येतो, ‘स्प्रिंग किती किलोची?’ आणि दुसरा, ‘गाडी किती खाली बसली?’ चाकाला वर-खाली व्हायला जागा किती उरली आणि शॉकच्या आतले व्हॉल्व्ह कसे आहेत, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की निवड या दोन गोष्टींची करायची असते. स्प्रिंगचे किलो आणि गाडीची उंची हे आकडे त्यातून आपसूक निघतात.

वाद हवेत राहू नये म्हणून एक गाडी समोर ठेवू. टोयोटा जीटी86 ही 2012 साली आली. तिचीच जुळी बहीण सुबारू बीआरझेड. वजन साडेबाराशे किलोच्या आसपास, पुढे बॉक्सर इंजिन, ताकद मागच्या चाकांना, गुरुत्वमध्य कंपनीच्या सांगण्याप्रमाणे जमिनीपासून 460 मिलिमीटरवर. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि खालचा एक आर्म), मागे डबल विशबोन (वर-खाली आर्म). आपल्याकडे ती शोरूममध्ये आली नाही, पण जगभरच्या हौशी ट्रॅकवाल्यांची ती लाडकी आहे. शिवाय तिच्या पुढच्या चाकांबद्दल जे म्हणायचं ते पुढे मॅकफर्सनच असलेल्या आपल्या पोलो आणि स्विफ्टलाही लागू पडतं.

कडक स्प्रिंगवाल्यांचा पक्ष दुबळा नाही, आणि खोडून काढायला सोपा जावा म्हणून तो दुबळा करून मांडण्यात मजा नाही. ते म्हणतात, वळणावर गाडी कलते. मॅकफर्सनची गाडी कलली की बाहेरच्या चाकाचा कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेशी असलेला कोन, बिघडतो, टायर कडेवर उभा राहतो आणि पकड जाते. म्हणून कल रोखायला स्प्रिंग कडक हवी. गुरुत्वमध्य खाली आला की वजन बाहेरच्या चाकांकडे कमी सरकतं. म्हणून गाडी खाली हवी. आणि वर म्हणतात, शर्यतीच्या गाड्या बघा, कशा दगडासारख्या कडक आणि जमिनीला घासून चाललेल्या असतात. यातलं पहिलं विधान खरं आहे, दुसरं अर्धं खरं आहे, आणि तिसरं आपल्या गाडीशी संबंधच नसलेलं आहे.

आधी अर्ध्या सत्याचं बघू. चालकासह गाडी 1300 किलोची धरा, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर 1530 मिलिमीटर धरा. एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या, जोराच्या वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन साधारण 390 किलो भरतं. आता गाडी 30 मिलिमीटर खाली आणा. तेच वजन 365 किलो होतं. म्हणजे तीन सेंटिमीटर खाली येऊन कमावले पंचवीस किलो. फायदा नाही असं मी म्हणत नाही. पण या हिशेबात स्प्रिंगचा कडकपणा कुठे आला? कुठेच नाही. वजन किती सरकणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांतलं अंतर आणि वळणाचा जोर ठरवतात. स्प्रिंग आणि अँटीरोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कल रोखणारी दांडी) एवढंच ठरवतात की सरकलेल्या वजनातला किती वाटा पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्या. ‘कडक केली म्हणून वजन सरकायचं थांबलं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकून हसूही येत नाही.

त्या पंचवीस किलोंची किंमत काय पडते? मॅकफर्सनची गाडी खाली आली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जातं. त्यामुळे ज्या बिंदूभोवती गाडीचा पुढचा भाग कलतो तो बिंदू, म्हणजे रोल सेंटर, गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडीला कलायला उलट लांब तरफ मिळते. कल रोखायला गाडी खाली आणली आणि कलायची ओढ वाढली! मग ती ओढ आवरायला आणखी कडक स्प्रिंग घाला. शिवाय आर्म असा उलटा झाला की चाक वर दबताना कॅम्बर सुधारण्याऐवजी बिघडू लागतो, आणि स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बदलल्यामुळे खड्ड्यात गेलेलं चाक स्वतःच थोडं वळतं. यावर उपाय आहेत, खालचा बॉल जॉइंट लांब करता येतो, टाय रॉडची टोकं बदलता येतात. पण उपाय शोधत बसण्यापेक्षा गाडी पंधरा-वीस मिलिमीटरवर थांबवणं शहाणपणाचं.

आता कडकपणाकडे येऊ. पुढच्या एका चाकावर स्प्रिंगने पेललेलं वजन 300 किलो समजा. स्प्रिंग आठ किलोची, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला आठ किलो लागणारी. गाडी नुसती उभी असताना ती साडेसदतीस मिलिमीटर दबते आणि गाडीचं ते टोक सेकंदाला सुमारे 2.6 वेळा डोलतं. साध्या कौटुंबिक गाडीत हाच आकडा एक ते दीडच्या दरम्यान असतो. स्प्रिंग पाच किलोची घेतली तर दाब 60 मिलिमीटर आणि आकडा दोनच्या आसपास. दहा किलोची घेतली तर दाब अवघा 30. हा दाब महत्त्वाचा आहे, कारण रस्ता खाली गेला की चाकाला खाली ढकलणारी ताकद तेवढ्याच अंतरापर्यंत टिकते. दहा किलोच्या स्प्रिंगवर तीन सेंटिमीटरच्या खळग्यात ती संपते. त्यानंतर स्प्रिंग सैल, चाक लोंबकळत, आणि त्या चाकाच्या वाट्याची पकड शून्य. कर्ब चढून उतरताना, उंचवट्यावरून जाताना, वळणाच्या ऐन मधे एखादा जोड लागला तर हेच घडतं. चालकाला मात्र वाटतं, गाडी काय धारदार झाली! धार खरी आहे. स्टिअरिंगला प्रतिसाद लवकर येतो, कारण वजन लवकर सरकतं. पण प्रतिसादाचा वेग आणि पकडीची मात्रा या वेगळ्या गोष्टी आहेत. टायरवरचा भार जितका कमी हेलकावे खाईल तितकी सरासरी पकड जास्त, आणि खडबडीत डांबरावर फार कडक स्प्रिंग हेलकावे वाढवते.

शर्यतीच्या गाड्यांचा दाखला इथे गळून पडतो. पंखांनी हवा दाबून शेकडो किलोंचा भार निर्माण करणाऱ्या गाडीला जमिनीपासूनची उंची काटेकोर राखावी लागते, कारण उंची बदलली की हवेचा दाब बदलतो. तिचे टायर स्लिक, तिचा ट्रॅक बहुधा गुळगुळीत, आणि तिचे शॉक उघडून दुरुस्त करायला माणसं नेमलेली. तुमच्या गाडीला नंबर प्लेट आहे, आणि मागे लावलेल्या पंखाने बहुतेक वेळा फक्त आरसा झाकला जातो. दाखलाच हवा तर लोटसच्या कॉलिन चॅपमनचा घ्या. 1962ची लोटस इलान मऊ स्प्रिंग, लांब हालचाल आणि नेमके डॅम्पर (म्हणजेच शॉक) या सूत्रावर उभी होती, आणि त्या काळच्या इंग्लंडच्या गावरस्त्यांवर तिला गाठणं भल्याभल्यांना जड जाई.

रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींचा कस एकाच ठिकाणी पाहायचा असेल तर जर्मनीतली नुर्बुर्गरिंगची नॉर्डश्लाइफं आहे. 1927 साली खुली झालेली ही 20.8 किलोमीटरची वाट पर्यटकांना खुली असते तेव्हा कायद्याने एकेरी वाहतुकीचा टोलरस्ताच असते; रस्त्यावर चालवायला मान्यता असलेली गाडी घेऊन कुणीही जावं. तिच्या उतारावरच्या फुक्सरोरं या भागाच्या तळाशी गाडी वेगात अशी दाबली जाते की सगळी स्प्रिंग खर्ची पडते. फ्लांत्सगार्टनला ती हलकी होऊन उडू पाहते. कारुसेलच्या काँक्रीटच्या लाद्यांवर चाकं धडधडतात. कमी उंचीची गाडी फुक्सरोरंत बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकच्या दांड्यावरच्या त्या फोमच्या ठोकळ्यावर, जाऊन बसते. त्या क्षणी स्प्रिंगचा कडकपणा एकदम कितीतरी पट होतो. हे पुढच्या टोकाला आधी घडलं तर गाडी वळायचं सोडून सरळ जाते, मागच्या टोकाला घडलं तर मागचा भाग सुटतो. याच वाटेवर निभावणारी गाडी हॉकेनहाइम ट्रॅकच्या सपाटीवर अडखळत नाही. उलट प्रवास मात्र सोपा नाही.

आपल्याकडचा हिशेब आणखी वेगळा. पुण्या-मुंबईच्या माणसाला कोइमतूरचा कारी ट्रॅक किंवा चेन्नईजवळचा श्रीपेरुम्बुदूरचा ट्रॅक गाठायचा तर हजाराहून जास्त किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो, आणि वाटेतल्या गावांच्या गतिरोधकांना कोणतंही माप नसतं. गाडी ट्रॅकवर जितके किलोमीटर चालते त्याच्या कित्येक पट या रस्त्यावर चालते. आणि निवड करताना ट्रॅकचाच विचार करायचा?

दुसऱ्या टोकाला एक सोवळा पक्ष आहे. ‘कारखान्याच्या अभियंत्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं, काही बदलू नका.’ अभियंत्यांना कळतं, हे निर्विवाद. पण ते कुणासाठी गाडी बांधतात? जीटी86 मुद्दाम मिशेलिन प्रायमसी या साध्या, 215 रुंदीच्या टायरांवर आली, म्हणजे सामान्य चालकाला कमी वेगातही मागचा भाग सुटल्याची मजा मिळावी. तुम्ही चिकट ट्रॅक टायर चढवलेत त्या दिवशी त्यांचं गृहीतक तुम्हीच मोडलंत. पकड वाढली, वळणाचा जोर वाढला, कल वाढला. मूळचे शॉक आता त्यांच्यासाठी न लिहिलेली परीक्षा देत आहेत. कारखान्यालाही हे कळत होतंच: पुढे बीआरझेडच्या एका पॅकेजमध्ये ब्रेम्बोच्या ब्रेकसोबत साक्सचे डॅम्पर आले.

तर मग घ्यायचं काय? सगळ्यात आधी डॅम्पर. वळणावर गाडी कलते तेव्हा शॉकचा दांडा सावकाश सरकतो, सेकंदाला काही सेंटिमीटर. खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा तोच दांडा दहापट वेगाने सरकतो. चांगल्या व्हॉल्व्हची सगळी करामत या फरकात आहे: सावकाश हालचालीला घट्ट विरोध, वेगवान हालचालीला मोकळी वाट. कडक स्प्रिंगला असा भेद करता येत नाही. ती कल रोखते तशीच खड्डाही पाठीच्या कण्यापर्यंत पोचवते. आणि स्प्रिंग दुप्पट कडक केली की तिला आवरायला डॅम्परही सुमारे चाळीस टक्के ताकदवान लागतो. स्वस्त कॉइलओव्हरमध्ये आठ-दहा किलोच्या स्प्रिंग सर्रास असतात, पण त्यांना आवरणारा डॅम्पर बहुधा नसतो.

शॉक जुळवायच्या बटणांच्या आणि क्लिकच्या संख्येला भुलू नका. तीस-बत्तीस क्लिकचं एक बटण असतं, ते दाब आणि उलटा ताण दोन्ही एकदम बदलतं, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त क्लिकवर गाडी चालवण्यालायक नसते. बिल्स्टाइनच्या बी14 या कॉइलओव्हरला बटणच नाही, तरी तो शेजारच्या बत्तीस क्लिकवाल्याला लाजवतो. ओलिन्सच्या रोड अँड ट्रॅकला एकच बटण आहे. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट 3 मध्ये दाब आणि ताण वेगवेगळे जुळवता येतात, पण ते स्वातंत्र्य नोंदवही ठेवणाऱ्यालाच मानवतं. मोनोट्यूब (एका नळीचा शॉक) श्रेष्ठ की ट्विनट्यूब (दोन नळ्यांचा), हाही जातीभेदासारखाच वाद. बिल्स्टाइन एका पंथाचं, केडब्ल्यू दुसऱ्या, आणि दोघांचीही गाडी चालते. विक्रेत्याकडे डॅम्परचा डायनोवर, म्हणजे चाचणीयंत्रावर, काढलेला आलेख मागा. जो देत नाही त्याच्या क्लिकवर विश्वास ठेवू नका.

कडक पक्षाचा एकच मुद्दा मी खरा म्हटला होता, कॅम्बरचा. त्यावरचा थेट इलाज म्हणजे सरकणारे टॉप माउंट, ज्याला कॅम्बर प्लेट म्हणतात. पुढे उणे अडीच अंशांच्या आसपास कॅम्बर ठेवला की कललेल्या गाडीचा बाहेरचा टायरही जमिनीवर नीट बसतो, आणि स्प्रिंग पाच-सहा किलोवर थांबवता येते. ‘मग रस्त्यावर टायर आतून झिजेल’ ही भीती घालणाऱ्यांनी टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, तपासावं. टायर खाणारा मुख्य चोर बहुतेक वेळा तोच असतो. कल तरीही जास्त वाटला तर जरा जाड अँटीरोल बार घाला, तो सरळ रस्त्यावर निदान गप्प बसतो.

मागच्या स्प्रिंगबद्दल एक खुलासा. विशबोनमध्ये शॉक चाकापासून आत बसतो, त्यामुळे चाक जेवढं हलतं त्याहून स्प्रिंग कमी दबते. हे गुणोत्तर पाऊण असेल तर चाकाला जाणवणारा कडकपणा निम्म्याच्या जरा वर उरतो. म्हणून खोक्यावर पुढे-मागे एकच आकडा छापलेला पाहून गाडी समतोल झाली असं समजू नये. मागचं टोक पुढच्यापेक्षा किंचित लवकर डोलावं, म्हणजे खड्ड्यानंतर गाडीचं झुलणं लवकर शमतं, हे मॉरिस ऑली यांनी 1930च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिलं. आठाला आठ जोडून विकणाऱ्यांच्या कानावर ते अजून गेलेलं नाही.

राहिला पैशाचा आक्षेप: चांगले डॅम्पर महाग. महाग आहेतच. पण परवडत नाहीत म्हणून स्वस्तातले कडक घेणं हा त्यावरचा तोडगा नाही. तेवढ्या पैशांत चांगले टायर, ट्रॅकचे ब्रेक पॅड, ताजं ब्रेक ऑइल आणि नीट अलाइनमेंट होते, आणि गाडी त्याने जास्त वेगवान होते. ज्यांनी कडक संच आधीच बसवला आहे त्यांनीही तो भंगारात काढू नये. बहुतेक कॉइलओव्हरच्या स्प्रिंगचा आतला व्यास 60 किंवा 65 मिलिमीटर असतो, म्हणजे त्या सुट्या मिळतात. दोन किलोने मऊ स्प्रिंग घाला, गाडी पंधरा मिलिमीटर वर घ्या, दांड्यावर प्लॅस्टिकची पट्टी बांधून एक फेरी मारा. पट्टी बंप स्टॉपच्या किती जवळ सरकली ते बघा, आणि मगच क्लिकला हात लावा.