ऊन निर्दोष आहे!

बालमित्रांनो, मे महिन्यात आपल्या वर्ध्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळी जुन्या मोटारीचा डायनामो तापला, की सारे खापर उन्हावर! पण इंजिन बंद केल्यावरही तो तापतच राहिला तर?

डायनामो बॅटरी भरतो. दोघांमध्ये ‘कट-आउट’ नावाचा पहारेकरी असतो. इंजिन थांबले, की तो दार लावतो. त्याचे पॉइंट चिकटले, तर बॅटरीतली वीज उलटी डायनामोत शिरते. वीज मिळाली, की डायनामो मोटरसारखा फिरू पाहतो. पण पट्ट्याने इंजिनाला जखडलेला, फिरणार कसा? विजेची उष्णता होते. आगही लागू शकते!

म्हणून हात लावू नका. मोठ्यांना हाक मारा. त्यांनी आधी बॅटरीची तार सोडवावी, मग पॉइंट तपासावेत.

केव्हा तापते ते आधी पाहा, दोष मग द्या. पटतंय ना?