लंगडा बैल आणि जायबंदी गडी

जायबंदी खेळाडूशी संघाने पुन्हा करार करावा काय? आमच्या परतुरात पारावरची मंडळी याचे उत्तर चुटकीसरशी देतात : "लंगड्या बैलाला कडबा कोण घालील?" हा युक्तिवाद व्यवहारी म्हणून मिरवतो. माझ्या मते तो व्यवहारीही नाही!

उदाहरणेच पाहा ना. २०२२ च्या लिलावात मुंबई इंडियन्सने जोफ्रा आर्चरला ८ कोटींना घेतले. कोपराच्या दुखण्यामुळे तो त्या मोसमात खेळणार नाही, हे ठाऊक असूनही! २०२३ साली तो अवघे ५ सामने खेळला, २ बळी घेतले आणि परतला. "पैसा पाण्यात!" म्हणून टाळ्या पिटणारे ऋषभ पंतला मात्र सोयीस्करपणे विसरतात. डिसेंबर २०२२ मध्ये मोटार-अपघातात त्याचा गुडघा निखळला. २०२३ चा मोसम बुडाला. तरी दिल्लीने त्याला सोडले नाही. २०२४ साली तोच कर्णधार म्हणून उतरला आणि त्याने ४४६ धावा काढल्या.

म्हणजे दुखापत झाली एवढ्यावरून काहीच ठरत नाही. हाड सांधेल की नाही, हे डॉक्टरांनी सांगावे. मालकाच्या हिशेबनिसाने नव्हे.

आणि संघासाठीच खेळताना गडी मोडला तर? मग डॉक्टरांचा कौल काहीही असो, औषधपाणी आणि एका मोसमाचे मानधन हे दान नव्हे, देणे आहे. कबड्डीच्या मैदानात ज्याच्या पकडीवर ढाल जिंकली, त्याच्या हाती घोटा मोडताच नारळ द्यायचा?

पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्यांनी एवढे तरी समजून घ्यावे!