खोटा बाजार आणि खरी पिशवी

गेल्या दिवाळीत माझे धाकटे दीर एक अजब वस्तू घेऊन आले. डोळ्यांवर पट्ट्याने बांधायचा भला मोठा चष्मा! "वहिनी, हा व्हीआर हेडसेट. आईच्या मेंदूला व्यायाम होईल," म्हणाले.

सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. वर्षभरात त्यांचं विसरणं वाढलं होतं. गॅसवर दूध ठेवून पोथी वाचत बसायच्या. एकदा तर भाजी घेऊन येताना आपलीच गल्ली चुकल्या. त्या दिवसापासून बाजाराची पिशवी मी काढून घेतली. पाठोपाठ दुधाचा हिशेबही. शाळेचे तास सांभाळून हे सगळं मी करते, याचा मला थोडा अभिमानच होता म्हणा ना!

या चष्म्यात दोन भिंगं असतात. प्रत्येक डोळ्यापुढे किंचित वेगळं चित्र येतं, म्हणून देखावा खरा भासतो. मान वळवली की तोही वळतो. दिरांनी बाजाराचा खेळ लावून दिला. यादी लक्षात ठेवायची, दुकान शोधायचं, पैसे मोजायचे. सासूबाई आधी बिचकल्या, मग रमल्या. एके दिवशी चष्मा काढून म्हणाल्या, "अगं, खोट्या बाजारात जाऊ देतेस, मग खऱ्या बाजारात का नाही?"

मला उत्तर सुचेना. मग थोडं वाचलं. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेल्या 'ॲक्टिव्ह' या प्रयोगात ६५ वर्षांपुढच्या २,८३२ जणांनी भाग घेतला. कुणाला स्मरणाचा, कुणाला तर्काचा, कुणाला चटकन ओळखण्याचा सराव दिला. त्यात हे चष्मे नव्हते. पण धडा आजही उपयोगी आहे. ज्याचा सराव, मुख्यतः तेच सुधारतं! फिनलंडमधल्या 'फिंगर' प्रयोगात आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि रक्तदाबावर लक्ष असं सगळं एकत्र केलं, तेव्हा दोन वर्षांत फरक दिसला. व्हीआरचे प्रयोग बरेचसे लहान आहेत. काही आशादायक आहेत, पण त्याने स्मृतिभ्रंश टळतो असं सिद्ध झालेलं नाही.

म्हणून आधी डॉक्टरांकडे जा, बरं का. आमच्याकडे बी-१२ कमी निघालं आणि एका कानाने ऐकूही कमी येत होतं. कमी ऐकू येणं हेही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत धरतात.

घरात असा चष्मा आणलाच, तर एवढं पाळा:

● हातांच्या खुर्चीत बसवूनच लावा. उभ्याने नको, तोल जातो.
● सुरुवातीला पाच-दहा मिनिटं पुरे. डोळ्यांना हालचाल दिसते, शरीर मात्र स्थिर असतं, म्हणून मळमळू शकतं. तसं झालं की लगेच थांबा.
● फिट्स किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.
● शेजारी कुणीतरी बसा. नंतर "काय पाहिलंत?" म्हणून गप्पा मारा.

आणि पिशवी? ती मी परत दिली. आत घरचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे. यादी त्याच लिहितात, हिशेब त्याच करतात. मी नुसती सोबत चालते. परवा कोथिंबीर विसरल्या. मला आठवण होती, पण मी बोलले नाही. कोपऱ्यावर त्याच थबकल्या आणि मागे वळल्या!

आपण मायेने म्हाताऱ्या माणसांच्या हातातलं एकेक काम काढून घेतो. तुमच्या घरी असं कुठलं काम काढून घेतलं आहे, जरा आठवून पाहा.