अख्खं थिएटर एकदम हसतं तेव्हा

मराठी विनोदाबद्दलची एक तक्रार आता ठरून गेली आहे. पुरुष साडी नेसून आला की प्रेक्षक पोट धरून हसतात, जरा बुद्धीचा विनोद आला की ओठ जेमतेम हलतात, म्हणजे अभिरुची घसरली. हशा जितका मोठा तितका तो विनोद प्रेक्षकांना जास्त आवडला, असं या तक्रारीने धरून चाललेलं असतं, आणि नेमकं तेच मला पटत नाही. मोठ्याने हसणं ही विनोदाच्या दर्जाला मिळालेली पावती नव्हे. अनोळखी शे-पाचशे माणसांना एक गोष्ट एकाच क्षणी कळते, शेजाऱ्यालाही ती कळल्याचं जाणवतं, आणि हशा फुटतो. विनोद बारीक आहे की भडक, हा प्रश्न त्यानंतरचा.

'वस्त्रहरण' घ्या. गंगाराम गवाणकरांचं हे मालवणी नाटक १९८० साली रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच घराघरांत पोचला आणि प्रयोगांनी पाच हजारांचा टप्पा ओलांडला. गोष्ट एवढीशी : गावातली मंडळी द्रौपदी वस्त्रहरणाचं नाटक करायला निघतात आणि त्याचा पार बोजवारा उडतो. महाभारत माहीत नाही असा माणूस प्रेक्षागृहात सापडणं कठीण. कौरवांच्या दरबारात पुढे काय व्हायला हवं हे प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणून मुकुट घातलेला नट बेअरिंग सोडून अस्सल गाववाला होतो, तेव्हा काय बिघडलं हे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. पहिल्या रांगेला आणि बाल्कनीला ते एकदमच दिसतं. मालवणीचा गंध नसलेले प्रेक्षकही म्हणूनच हसले. ते शिव्यांना हसले असं म्हणणारे आहेत, पण शिव्यांवर नाटक चालत असतं तर मालवणी नाटककारांइतकं सुखी कुणी नसतं.

साडीतल्या पुरुषाचंही तेच. १८९२ साली इंग्लंडात आलेल्या ब्रँडन थॉमसच्या 'चार्लीज आण्ट'वरून आचार्य अत्र्यांनी 'मोरूची मावशी' केली, आणि पुढे विजय चव्हाणांनी ती गाजवली. मावशी पुरुष आहे हे रंगमंचावरच्या काही पात्रांना माहीत नसतं, प्रेक्षकाला मात्र पक्कं माहीत असतं. १९८८च्या 'अशी ही बनवाबनवी'त घरमालकीण अंधारात असते आणि सगळं थिएटर उजेडात. हसू साडीचं असतं तर पाच मिनिटांत संपलं असतं. ते टिकतं, कारण सगळं प्रेक्षागृह एका गुपितात सामील असतं. बुद्धीच्या विनोदात मात्र कुणाला तो लगेच उमगतो, कुणाला दोन वाक्यांनी, कुणाला घरी जाताना. तो आवडत नाही असं नाही, त्याचा आनंद विखरून जातो. कसलेल्या नटाला हे हिशेब तोंडपाठ असतात. हशा चढत असताना तो पुढचं वाक्य टाकत नाही, नाहीतर हशा कापला जातो. हशा पूर्ण विरेपर्यंतही थांबत नाही, नाहीतर प्रयोग पडतो. हशा उतरणीला लागला की वाक्य येतं.

यावर कुणी म्हणेल, पु. ल. किंवा चिं. वि. जोशी वाचताना माणूस एकटाच खो खो हसतो, त्याचं काय? हसतो खरा, पण बहुतेकदा पुढच्याच मिनिटाला पुस्तक घेऊन कुणाला तरी तो उतारा वाचून दाखवायला उठतो. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या हसण्याच्या नोंदी तपासल्या. पुस्तक, टीव्ही असलं काही सोबतीला नसताना, एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस सुमारे तीसपट जास्त हसतो असं त्याला आढळलं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : संगतच हसवत असेल तर भरल्या थिएटरात कुठलाही टाकाऊ विनोद चालायला हवा. तसा तो चालत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या सोफी स्कॉट आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली पडेल विनोदांना हसण्याचे आवाज जोडून ऐकवले. ऐकणाऱ्यांना ते विनोद जरा बरे वाटले. हसणं बनावट असलं तर थोडे, उत्स्फूर्त असलं तर जास्त. संगत विनोदाला फुगवते, शून्यातून उभा करत नाही. टीव्हीवरच्या कार्यक्रमांत परीक्षक खुर्चीवरून घसरेपर्यंत हसतात आणि घरी सोफ्यावरचा माणूस ढिम्म बसून राहतो, ते उगाच नाही.

तेव्हा हशाच्या आवाजावरून लेखकाला जोखणं वाहिन्यांनी आणि समीक्षकांनी, दोघांनीही सोडावं. नाटकवाल्यांनी तर त्याआधी एक साधं काम करावं. बुकिंग कमी झालं की प्रेक्षक महागड्या, मधल्या आणि स्वस्त रांगांत पाच-पाच, दहा-दहा असे पांगून बसतात. तिकिटाचा दर विसरून त्यांना पहिल्या आठ रांगांत खेटून बसवावं आणि मगच तिसरी घंटा द्यावी.