रोलचा कॅमेरा स्वस्त पडतो काय?

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली आणि फोटो काढण्याचा आमचा शौकही जवळपास तेवढाच जुना आहे. त्यामुळे मोहल्ल्यातील तरुण मुले कॅमेरा घेण्यापूर्वी आमच्या दुकानाची पायरी चढतात. पूर्वी ती विचारीत, कोणत्या कंपनीचा घ्यावा? गेल्या काही वर्षांपासून प्रश्न बदलला आहे. आता विचारतात, रोलचा घ्यावा की डिजिटल?

पंधरा वर्षांपूर्वी कोणी असे विचारले असते तर आम्ही हसलो असतो. त्या काळी रोलच्या कॅमेऱ्याला गिऱ्हाईक नव्हते. कोडॅकसारखी जगजाहीर कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. (गंमत अशी की डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना याच कंपनीतील स्टीव्हन सॅसन या इंजिनियरने १९७५ साली तयार केला होता. एक फोटो कॅसेटवर उतरायला त्यात २३ सेकंद लागत.) परंतु वारे पुन्हा फिरले. त्याच कोडॅकने २०१२ मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ मध्ये परत बाजारात आणली आणि पेंटॅक्सने २०२४ मध्ये रोलचा नवाकोरा कॅमेरा काढला. मागणी असल्याशिवाय माल निघत नाही, एवढे आम्हा व्यापाऱ्यांना कळते.

या वर्षी आमचा भाचा आला. एका डिझाईनच्या दुकानात तो नोकरीला आहे. वर्षभराच्या पगारातून पंचवीस हजार रुपये त्याने बाजूला टाकले होते. म्हणाला, "मामू, रोलचा कॅमेरा पाच हजारांत मिळतो आहे. डिजिटलला वीस हजार मोजावे लागतात. रोलचाच घेतो, पंधरा हजार वाचतील."

वाचकहो, येथेच खरी गल्लत आहे. यंत्रमाग स्वस्तात मिळाला म्हणून कापड स्वस्त पडत नाही. सूत, वीज आणि मजुरी रोजची असते. आम्ही भाच्यासमोर वही उघडली आणि त्याच्याच हाताने आकडे लिहवून घेतले.

३६ फोटोंचा रंगीत रोल आज हजार रुपयांच्या आगेमागे येतो. तो धुवून स्कॅन करून घेण्याचे साधारण पाचशे धरा. कुरियरचा खर्च सोडून देऊ. पंधराशे भागिले छत्तीस, म्हणजे एका फोटोला सुमारे ४२ रुपये. डोळे मिटलेला फोटो ४२ रुपयांचा, हललेला फोटोही ४२ रुपयांचा. शिकणारा मुलगा पंधरा दिवसांत एक रोल तरी संपवणारच. वर्षाचे २४ रोल, म्हणजे ३६,००० रुपये. त्यात कॅमेऱ्याचे पाच हजार मिळवा, ४१,००० झाले. दुसऱ्या वर्षी पुन्हा ३६,००० उभेच. डिजिटलमध्ये वीस हजार एकदा गेले की पुढे कार्ड आणि बॅटरी यांपलीकडे फारसे काही नाही. भाचा बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत बसला.

मग त्याने नेहमीचा मुद्दा काढला. रोलमध्ये ३६च फोटो असतात, म्हणून माणूस विचार करून बटण दाबतो आणि लवकर शिकतो. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. आम्ही स्वतः रोलवर शिकलो आहोत. १९९४ साली मुंबईला माल भरायला गेलो असता फोर्टातील बोरा बाजारातून एक जुना पेंटॅक्स के १००० घेतला होता. संपूर्ण यांत्रिक कॅमेरा, बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजण्याच्या काट्याला. रोल संपवायला महिना, धुवून यायला आठवडा. फोटो हाती येईपर्यंत कोणत्या फोटोला किती शटर, किती ॲपर्चर दिले होते ते आम्ही विसरून गेलेलो असू. वहीत नोंद ठेवणारे असत, आम्ही त्यांतले नव्हतो. डिजिटल कॅमेरा ही नोंद प्रत्येक फोटोबरोबर आपोआप ठेवतो आणि चूक जागच्या जागी दाखवतो. आमच्या मते नवशिक्याला याहून मोठा उस्ताद नाही. ३६ फोटोंचे बंधन हवे असेल तर ते डिजिटलवरही स्वतःला घालता येते, त्यासाठी दरमहा तीन हजार कशाला मोजायचे?

दुसरी अडचण उजेडाची. २०० आयएसओचा रोल घातला की सगळे ३६ फोटो त्याच हिशेबाने काढावे लागतात. मागाच्या शेडमध्ये दुपारीसुद्धा अंधारच असतो. तेथे २०० च्या रोलवर हलणारा धोटा आणि कारागिराचे हात पकडू म्हटले तर सगळे पुसट येते. डिजिटलवर आयएसओ एका फोटोपुरता ३२०० करावा आणि बाहेर आल्यावर परत १०० वर आणावा. उलटपक्षी रोलची एक खुबी मान्य केली पाहिजे. ब्लीच केलेले पांढरे कापड भर उन्हात वाळत घातले असेल तर निगेटिव्ह रोल त्याच्या सुरकुत्या सांभाळतो. डिजिटलवर जरा जास्त उजेड गेला की पांढऱ्याचा नुसता कोरा कागद होतो आणि मग कॉम्प्युटरवर कितीही डोके फोडा, गेलेली सुरकुत परत येत नाही. म्हणून डिजिटलवाल्याने फोटो किंचित गडद काढावा आणि रोलवाल्याने किंचित उजळ.

घरी रोल धुणारे म्हणतील, आमचा खर्च इतका येत नाही. खरे आहे, काळ्या-पांढऱ्या रोलचा येत नाही. पण औषधाचे पाणी २० अंशांवर ठेवण्याचा रिवाज आहे आणि मालेगावात मे महिन्यात नळाचे पाणी हाताला चटका देते. आम्ही बर्फाच्या घमेल्यात बाटल्या ठेवून हा उद्योग केला आहे. रंगीत रोलला तर ३८ अंश आणि सव्वातीन मिनिटे, त्यात फरक पडला की रंग बिघडले.

शिवाय हा सगळा माल परदेशातून येतो. आपल्या देशात उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला होता, त्याची 'इंदू' फिल्म एके काळी स्टुडिओवाल्यांच्या घरोघरी होती. तो बंद पडला. आता डॉलर वर गेला की रोल वर जातो आणि परदेशातील कंपनीच्या मनात आले की रोल बंदही होतो. २००९ मध्ये कोडॅकने कोडाक्रोम बंद केली आणि तो रोल रंगीत धुणाऱ्या जगातील शेवटच्या लॅबने, ती अमेरिकेत कॅन्ससमध्ये होती, २०१० च्या अखेरीस काम थांबवले. ज्यांच्या कपाटात रोल राहिले ते राहिलेच.

एका बाबतीत मात्र आम्ही डिजिटलची वकिली करणार नाही. आमच्या वालिद साहेबांकडे आगफा क्लिक थ्री होता, एका रोलवर चौकोनी बारा फोटो देणारा. त्यांच्या निगेटिव्ह बिस्किटाच्या डब्यात पडून होत्या. पन्नास वर्षांनी आम्ही त्या प्रकाशाला धरल्या तर दादी अम्मांच्या ओढणीची किनारसुद्धा मोजता आली. याउलट २०११ साली बहिणीच्या लग्नात आम्ही सहाशेच्या वर डिजिटल फोटो काढले आणि सगळे एकाच हार्ड डिस्कवर ठेवले. २०१६ मध्ये डिस्क बंद पडली. एका दुकानदाराने सहा हजार रुपये घेतले, दोन महिने फिरवले आणि तीच डिस्क परत हातावर ठेवली. त्या लग्नाचे आज आमच्याकडे चार फोटो आहेत, तेही कोणीतरी कागदावर काढून घेतले होते म्हणून. बहीण अजून त्यावरून बोलते आणि आम्हाला उत्तर देता येत नाही. तेव्हापासून आम्ही फोटोंच्या तीन प्रती ठेवतो, त्यांतील एक घराबाहेर, आणि वर्षाकाठी निवडक तीस फोटो कागदावर काढतो. डिजिटल घेणाऱ्याने हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरावा.

आता खरेदीबद्दल. नव्या डिजिटल कॅमेऱ्यावरील जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तरी शौकासाठी जुना घ्यावा असेच आम्ही सांगू. कॅनन आणि निकॉन या दोघांनी २०१८ पासून बिनाआरशाच्या मोठ्या कॅमेऱ्यांकडे लक्ष वळवले, त्यामुळे चांगले डीएसएलआर निम्म्या भावात निघतात. घेताना शटर किती वेळा चालले ते पाहावे, साध्या कॅमेऱ्याचे आयुष्य लाखभर धरतात. लेन्सच्या आरपार टॉर्च मारावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. निकॉनच्या स्वस्त मॉडेलांत फोकसची मोटर नसते, त्यावर जुन्या पद्धतीची लेन्स घातली तर फोकस हाताने करावा लागतो. विकणारा हे सांगत नाही. आणि कोणाला रोलचाच घ्यायचा असेल तर पाठीमागच्या झाकणातील स्पंज चिकट झाला आहे काय, हे बोटाने पाहावे. सत्तरच्या दशकातील पुष्कळ कॅमेऱ्यांना पाऱ्याची बॅटरी लागत असे, ती आता बनत नाही.

भाच्याने शेवटी वीस हजारांत जुना डीएसएलआर आणि ३५ मिलिमीटरची लेन्स घेतली. उरलेल्या पैशांत हार्ड डिस्क घेतली, एक नव्हे, दोन. मात्र रोलचा नाद त्याच्या डोक्यातून गेलेला नाही हे आम्हाला दिसत होते. म्हणून आमचा के १००० त्याला वापरायला दिला आणि वर्षाला दोन रोल आमच्या खर्चाने, असे ठरवले. तीन महिने झाले, पहिला रोल अजून आतच आहे. काल दुकानात आला तेव्हा आम्ही विचारले. म्हणाला, "मामू, बावीस झाले. घाई करत नाही."