व्रत आपलं, पोट कुत्र्याचं

बिदर-कलबुर्गीकडं शेतराखणीला, मेंढरांमागं कारवानी कुत्री पाळतात. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट. मुधोळ हाउंड या नावानं ती २००५ साली टपाल तिकिटावरही आली. त्याचं कौतुक करायचं, अन् संध्याकाळी पुढ्यात शिळी ज्वारीची भाकरी टाकून ‘अहिंसा पाळली’ म्हणायचं!

बहिणींनो, ही अहिंसा नव्हे, काटकसर आहे.

ज्वारीत १०० ग्रॅममागं प्रथिनं १० ग्रॅमच्या आसपास, त्यातही लायसिन कमी. धावणाऱ्या जिवाचे स्नायू त्यावर भरून येत नाहीत. शिवाय पळायला चरबी लागते. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यांत अतिभारारोपण आहे, म्हणजे झेपेना एवढं काम लादणं. अन्नपाननिरोधही आहे, म्हणजे जिवाला खाण्यापिण्यावाचून ठेवणं. राखण पुरी घ्यायची आणि अन्न अर्धं द्यायचं, यात दोन्ही दोष लागतात.

‘मग घरात अंडी आणू का?’ असं विचाराल. नका आणू. कुत्रं मांजरासारखं निव्वळ मांसाहारी नाही. कलबुर्गीच्या तुरीला जीआय मानांकन आहे, तुरीच्या डाळीत २२ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. पण त्याच्या वाट्याला वरणाचं पाणी! घट्ट, बिनकांद्याचं वरण घाला, वर तूप सोडा, आणखी काय कमी पडतं ते पशुवैद्याला विचारा. एवढं जमत नसेल, तर सालगड्यानं आपल्या चुलीवर अंडं उकडून घातलं म्हणून त्याच्यावर डाफरू नका. व्रत आपण घेतलंय, कुत्र्यानं नाही.